पन्नाशीनंतर अंगावर काढलेले दुखणे

केमचे कुंकू महाराष्ट्रभर जाते. करमाळा तालुक्यातले, पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे गाव उत्तरेश्वराच्या देवळासाठी जितके ओळखले जाते, तितकेच हळदी-कुंकवाच्या कारखान्यांसाठी. हळदीवर चुना पडला की ती लाल होते आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी होते, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. हळदीला आम्ल आणि आम्लारी यांतला फरक कळतो, एवढाच त्यामागचा अर्थ. बाईच्या शरीरातही एक जागा अशी आहे, जिचे आरोग्य याच तोलावर उभे असते. ती जागा म्हणजे योनिमार्ग. ऐन उमेदीच्या वयात तो दह्यासारखा आंबट असतो आणि तो आंबटपणा हीच त्याची राखण असते. पाळी गेली की हा आंबटपणा ओसरू लागतो. हा बदल हळदीला कळण्याइतका ढोबळ नसतो, त्याला पीएचची कागदी पट्टी लागते. त्याचे परिणाम मात्र घराघरांत मुकाट्याने सोसले जातात: अंगावरून पांढरे जाणे, कोरडेपणा, खाज, लघवीची जळजळ, लघवीला सारखी घाई होणे. त्यात कित्येकींचे अंगही बाहेर येते. या सगळ्यावर आपल्याकडे दोनच उत्तरे ठरलेली आहेत. घरात म्हणतात, 'वय झालं, असं व्हायचंच.' दवाखान्यात म्हणतात, 'पिशवी काढून टाका.' पहिले उत्तर बाईला दुखणे अंगावर काढायला लावते आणि दुसरे तिच्या अंगातला एक अवयवच काढून घेते. या दोन उत्तरांच्या मधली साधी, स्वस्त आणि पुराव्याने सिद्ध झालेली वाट आपल्या गावांतल्या बायांपर्यंत पोचवणे हे सरकारचे आणि समाजाचे कर्तव्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

आधी ही राखण कशी चालते ते पाहू. योनीतल्या स्रावात आम्ल तयार करणारे दांड्याच्या आकाराचे जिवाणू असतात, हे जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ अल्बर्ट डोडरलाइन यांनी 1892 साली दाखवून दिले. आज आपण त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतो. अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन योनीचे अस्तर जाड आणि ओलसर ठेवते आणि त्या अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठवते. त्या साखरेवर हे जिवाणू पोसतात आणि तिचे लॅक्टिक आम्ल करतात. त्यामुळे तिथला पीएच (तो जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) 3.5 ते 4.5 इतका खाली राहतो आणि गुदद्वाराच्या बाजूने येणाऱ्या उपद्रवी जिवाणूंना तिथे पाय रोवता येत नाहीत. पाळी थांबते तेव्हा ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. इस्ट्रोजेन घटते, अस्तर पातळ होते, साखर कमी पडते, लॅक्टोबॅसिलस उपाशी पडतात आणि पीएच 5 च्या वर जातो. मोकळ्या झालेल्या जागेत मग इतर अनेक जातींचे जिवाणू वस्तीला येतात. योनी आणि मूत्रमार्ग शेजारी आहेत आणि दोघांचेही अस्तर इस्ट्रोजेनवर पोसलेले असते, म्हणून त्रास दोन्हीकडे होतो. या एकत्रित त्रासाला 2014 मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी एक सामायिक वैद्यकीय नावही दिले. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते. म्हणजे त्यानंतरची वीस-तीस वर्षे ती याच बदललेल्या शरीराने जगणार असते. आयुष्याच्या एवढ्या मोठ्या हिश्श्याला 'म्हातारपण' म्हणून गुंडाळून ठेवणे न्यायाचे नाही.

आता अंग बाहेर येण्याकडे वळू. गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय यांना ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी आणि काही बंध धरून ठेवतात. अनेक बाळंतपणे, अडलेली प्रसूती, बाळंतपणानंतर विश्रांती न मिळणे, वर्षानुवर्षांचे डोक्यावरचे ओझे, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि वय यांनी ही झोळी सैल पडते आणि आतले अवयव खाली सरकतात. सोलापूर हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. उसाच्या फडात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. त्या कोयत्यातली बाई तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. उचल घेतलेली असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून ती बाळंतपणानंतरही लवकरच फडावर परतते. झोळी सैल पडायला याहून मोठे कारण शोधायची गरज नाही. पण हा त्रास फक्त कष्टकरी बायांचा आहे असेही नाही. अमेरिकेतल्या 'वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्या आणि गर्भाशय शाबूत असलेल्या 16,616 स्त्रिया तपासल्या, तेव्हा 14.2 टक्के जणींचे गर्भाशय आणि 34.3 टक्के जणींचे मूत्राशय कमी-अधिक खाली सरकलेले आढळले. सुखवस्तू देशातली ही स्थिती असेल, तर मोळ्या वाहणाऱ्या मुलखात ती बरी असेल असे मानायला काहीच आधार नाही.

हे दोन प्रश्न, जिवाणूंचा आणि अंग बाहेर येण्याचा, एकमेकांत कसे गुंततात हे नीट समजून घ्यायला हवे, कारण उपचाराची दिशा त्यावरच ठरते. ज्या बाईचे अंग बाहेर आले आहे तिचे ओलसर राहायला हवे असलेले अस्तर हवेला लागते, सुकते, कपड्याला आणि मांड्यांना घासते आणि त्यावर जखम होऊ शकते. मूत्राशय खाली ओढले गेले असेल तर लघवी पूर्ण होत नाही, मागे उरते आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. म्हणून अशा बाईचा पांढरा स्राव पाहून 'अंग बाहेर आलंय म्हणून जंतू झाले' असा निष्कर्ष सहज काढला जातो. पण तो तपासायचा असेल तर तुलना कुणाशी करायची? पंचविशीतल्या बाईशी केली तर सगळा दोष बाहेर आलेल्या अंगावर जाईल. तुलना करायला हवी ती पाळी गेलेल्या, पण अंग जागेवर असलेल्या बाईशी. असे समोरासमोर ठेवले की लक्षात येते ते हे, की दोघींच्या अंगातली जमीन एकच आहे. इस्ट्रोजेन दोघींचेही गेलेले आहे, अस्तर दोघींचेही पातळ झालेले आहे, लॅक्टोबॅसिलसची उपासमार दोघींच्याही अंगात चालू आहे. अंग बाहेर येणे हा त्यावरचा आणखी एक भार. म्हणजे एकीला शस्त्रक्रिया हवी आणि दुसरीला काहीच नको, अशी वाटणी चुकीची ठरते. दोघींनाही आधी त्या जमिनीची काळजी हवी. एकीला त्याशिवाय आधाराचीही गरज आहे.

या जमिनीची मशागत करता येते याचा पुरावा तीस वर्षांहून जुना आहे. राझ आणि स्टॅम या संशोधकांनी 1993 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. पाळी गेलेल्या आणि लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होणाऱ्या 93 स्त्रिया त्यात होत्या. काहींना योनीत लावायचे इस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचे क्रीम दिले आणि काहींना तसेच दिसणारे, औषध नसलेले क्रीम. महिन्याभरात इस्ट्रिऑल घेणाऱ्या 61 टक्के स्त्रियांच्या योनीत लॅक्टोबॅसिलस परतले. दुसऱ्या गटात एकीतही नाही. पीएच सरासरी 5.5 वरून 3.8 वर आला. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो लघवीचा संसर्ग वर्षाला सरासरी 5.9 वेळा होण्याऐवजी 0.5 वेळा होऊ लागला. या चाचणीतली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या बायांना जिवाणू कुणी बाहेरून दिले नव्हते. अस्तराला त्याचे पोषण परत मिळाले आणि पाहुणे आपोआप घरी आले. गावोगावच्या बायांना लघवीच्या जळजळीसाठी महिन्याआड प्रतिजैविकांच्या गोळ्या मिळतात. त्यांनी जंतू तात्पुरते मरतात, जमीन तशीच राहते आणि काही आठवड्यांनी दुखणे पुन्हा दारात उभे राहते. स्रावाच्या तक्रारीसाठी सरकारी दवाखान्यांत हिरव्या रंगाचे औषधांचे ठरावीक किट दिले जाते. तरुण वयातल्या संसर्गाला ते उपयोगी आहे, पण साठीच्या बाईचा स्राव इस्ट्रोजेनच्या अभावाने असेल तर त्या किटात तिच्यासाठी काही नाही.

जमिनीकडे दुर्लक्ष करून थेट अवयवावर घाव घातला की काय होते, हे आपल्या राज्याने शेजारच्या बीड जिल्ह्यात पाहिले आहे. ऊसतोड कामगार बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये पुढे आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे सहा जणींमागे साधारण एक. देशभरात 15 ते 49 वयोगटात हेच प्रमाण 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 3.2 टक्के होते. पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, पाळीत जास्त जाते अशा तक्रारींवर 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल' अशी भीती घालून अनेकींना टेबलावर नेले गेले. या शस्त्रक्रियेचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पस्तिशीतल्या बाईचे इस्ट्रोजेन एका दिवसात जाते. जी उपासमार पन्नाशीत सुरू व्हायची ती पंधरा वर्षे आधी सुरू होते. अंडाशय ठेवले तरी ते थोडे लवकर थकतात. म्हणजे पांढरे जाते म्हणून जी शस्त्रक्रिया केली, तीच पुढच्या कोरडेपणाची आणि जळजळीची पेरणी करते. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला. आदेश स्वागतार्हच आहे. पण 'काढू नका' एवढे सांगून भागत नाही. 'मग करायचे काय' हेही बाईला सांगावे लागते.

अंग बाहेर येण्यात दोष पिशवीचा नसतो, तिला धरून ठेवणाऱ्या आधाराचा असतो, हे वैद्यकाने आपल्या मातीत फार पूर्वी ओळखले होते. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी मुंबईत काम करताना गर्भाशय न काढता त्याला पट्टीचा आधार देऊन वर बांधण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. ती आजही जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुरंदरे यांच्या नावानेही अशीच एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध आहे. आधार दुरुस्त न करता नुसती पिशवी काढली तर मागे उरलेला योनीचा घुमट पुढे खाली येऊ शकतो, हे त्यांना ठाऊक होते. शस्त्रक्रियेआधीचे उपायही आहेत. 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 447 स्त्रियांच्या चाचणीत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकवल्यावर वर्षभराने त्रास लक्षणीय कमी झाला. दुसरा उपाय सिलिकॉनच्या रिंगचा. ती आत बसवली की अवयव वर राहतात. नेदरलँड्समधल्या 440 स्त्रियांच्या, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला आधी रिंग आणि दुसऱ्याला थेट शस्त्रक्रिया सुचवली. दोन वर्षांनी रिंगच्या गटातल्या 76.3 टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटातल्या 81.5 टक्के जणींना बरे वाटत होते. रिंग शस्त्रक्रियेच्या तोडीस तोड आहे असे त्या चाचणीला सिद्ध करता आले नाही आणि रिंगवाल्या काही जणींनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतलीही. तरी जिला ऑपरेशन नको आहे किंवा झेपणार नाही, तिच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे! अडचण एवढीच की रिंग ही बाहेरची वस्तू. पातळ, कोरड्या अस्तरावर ती घासते आणि स्राव वाढवते. म्हणजे रिंग टिकायची असेल तरी आधी अस्तर सांभाळावे लागते. वाट पुन्हा जमिनीपाशीच येते.

पुरावा मांडताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर एका अतिरेकाच्या जागी दुसरा येईल. क्रीम लावून बाहेर आलेले अंग आत जात नाही. अमेरिकेत 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अंग बसवण्याच्या शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर योनीत इस्ट्रोजेन दिले, तरी वर्षभरानंतरचे शस्त्रक्रियेचे यश वाढले नाही. क्रीमचे काम कोरडेपणा, जळजळ आणि लघवीचा संसर्ग कमी करणे. बंध घट्ट करणे हे त्याचे काम नाही. दुसरे असे, की लॅक्टोबॅसिलस कमी झाले म्हणजे बाई आजारी, असेही मानू नये. स्रावाच्या काचपट्टीवर जिवाणू मोजून गुण देण्याची 1991 पासून रूढ असलेली नजेंट पद्धत लॅक्टोबॅसिलस नसणे हेही दोषाचे एक लक्षण धरते. पाळी गेलेल्या बाईत ते नसणे हा वयाचा बदल असू शकतो आणि तिला काहीही त्रास नसेल तर उपचाराचीही गरज नसते. तरुण स्त्रियांतही ही वस्ती सारखी नसते. अमेरिकेत 2011 मध्ये 396 निरोगी स्त्रियांच्या तपासणीत जिवाणूंच्या वस्तीचे पाच प्रकार निघाले आणि त्यांतल्या एकात लॅक्टोबॅसिलसचे राज्य नव्हतेच. म्हणून उपचार तक्रारीवर करावा, अहवालावर नाही. तिसरी गोष्ट दह्याची. दही खाणे चांगलेच, पण दह्यातले जिवाणू योनीत वस्ती करणाऱ्या जातींचे नसतात, आणि दही आत लावणे तर टाळावेच. योग्य जातीचे जिवाणू योनीत ठेवून संसर्गाची पुनरावृत्ती 45 वरून 30 टक्क्यांवर आणणारी एक चाचणी 2020 मध्ये आली खरी, पण ती पाळी चालू असलेल्या तरुण स्त्रियांवरची होती. साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुणे मात्र सरळ अपायकारक आहे. उरलासुरला आंबटपणाही त्याने जातो.

सगळ्यात मोठा आक्षेप हार्मोनच्या भीतीचा आहे. हार्मोन घेतले की कॅन्सर होतो, असे सुशिक्षित घरांतही ऐकू येते. ही भीती निराधार नाही. पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांबद्दल 2002 मध्ये आलेल्या निष्कर्षांतून ती जन्मली. पण गोळी आणि योनीत लावायचे कमी मात्रेचे क्रीम यांत मोठा फरक आहे. क्रीमचे काम जागच्या जागी होते आणि रक्तातली इस्ट्रोजेनची पातळी साधारण पाळी गेलेल्या स्त्रीइतकीच राहते. ज्या 'वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'मधून गोळ्यांविषयीचा इशारा आला, त्याच प्रकल्पातल्या 45 हजारांहून अधिक स्त्रियांच्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात योनीत इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांना स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर अधिक झाल्याचे दिसले नाही. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईने हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. आणि पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी क्रीम लावत बसू नये, आधी तपासणी करून घ्यावी. खरे तर हाच अंतर्गत तपासणीच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा आहे. जी बाई कोरडेपणाची तक्रार घेऊन येते आणि आतून तपासली जाते, तिच्या गर्भाशयमुखाचा कॅन्सरही त्याच वेळी वेळेवर सापडू शकतो.

'आपल्याकडच्या बाया तपासायला येतच नाहीत, लाजतात,' हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर केमच्या शेजारीच आहे. केमहून कुर्डुवाडीमार्गे बार्शीला गेले की नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल लागते. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 मध्ये बार्शीतच सुरू झाली. तिथल्या आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 52 समूहांतल्या 1,31,746 स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदा केलेल्या, हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्याहून आपल्या मुद्द्यासाठी मोलाची गोष्ट अशी, की बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 79 टक्के जणी तपासणीला आल्या. त्या याच मुलखातल्या, शेतात राबणाऱ्या, पदर डोक्यावर घेणाऱ्या बाया होत्या. कार्यकर्त्या घरी गेल्या, बाईच्या भाषेत समजावले, तपासायला बाई होती आणि तपासणी गावाजवळ होती, म्हणून त्या आल्या. त्याआधी 1989 मध्ये डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची पाहणी 'लॅन्सेट'मध्ये मांडली होती. 92 टक्के जणींना एक तरी स्त्रीरोग होता, पण आधी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. हे 79 आणि 8 टक्क्यांचे आकडे शेजारी ठेवले की लाजेचा मुद्दा गळून पडतो. बाया लाजतात त्यापेक्षा त्यांना विचारलेच जात नाही, हे अधिक खरे आहे.

तिसरा आक्षेप पैशांचा आणि प्राधान्याचा. माता-बालमृत्यू, क्षयरोग, मधुमेह समोर असताना म्हाताऱ्या बायांच्या कोरडेपणाचे काय घेऊन बसलात, असे कुणी म्हणेल. पण इथे महागडे यंत्र लागत नाही. पीएचची पट्टी, स्पेक्युलम, विजेरी, इस्ट्रिऑलची ट्यूब, दोन-चार मापांच्या रिंगा आणि व्यायाम शिकवू शकणारी प्रशिक्षित नर्स एवढ्यावर बरेच काम होते. उलट वारंवारच्या प्रतिजैविकांचा, खासगी शस्त्रक्रियेच्या कर्जाचा आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून आजची पद्धत स्वस्त वाटते. मुळात प्राधान्य ठरवायला मोजदाद लागते आणि इथे मोजदादच थांबलेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी स्त्रियांना प्रश्न विचारते ते 15 ते 49 या वयात. आशा ताईंची बरीचशी वही गरोदरपण, बाळंतपण आणि लसीकरणाने भरलेली असते. जोवर बाई मूल देऊ शकते तोवर ती आरोग्यव्यवस्थेला दिसते आणि पाळी गेली की ती वहीतूनच जाते. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये अंग बाहेर येण्याचा प्रश्न स्त्रियांच्या प्रजनन हक्काचा प्रश्न मानला आणि सरकारला पावले उचलायला सांगितले. आपल्यापेक्षा गरीब देशाला जे प्राधान्य परवडले, ते महाराष्ट्राला परवडत नाही असे म्हणता येणार नाही.

शेवटचा आक्षेप क्वचितच उघड बोलला जातो: असले विषय चारचौघांत, वर्तमानपत्रात काढू नयेत. मराठीत हा वाद नवा नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले, त्यासाठी खटले सोसले आणि शरीराविषयी स्पष्ट मराठीत बोलता येते हे दाखवून दिले. आपल्या भाषेत शब्दांची कमतरताही नाही. अंग बाहेर येणे, पांढरे जाणे, लघवीला लागणे हे शब्द बायकांनीच घडवलेले आहेत आणि एकमेकींशी बोलताना त्या ते वापरतात. अडते ते पुरुष ऐकायला असतात तेव्हा, आणि औषधाचा खर्च बहुधा पुरुषांच्या होकारावर ठरतो. म्हणून हा विषय पुरुषांच्या कानावर पडला पाहिजे. आईला लघवीला सारखे उठावे लागते, ती लग्नाकार्यात जायचे टाळते, खाली बसायला नको म्हणते, तेव्हा ते वयाचे लक्षण समजून मुलगा गप्प बसतो. त्या गप्प बसण्यातच तिची दहा-वीस वर्षे जातात.

म्हणून मागणी साधी आणि नेमकी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एक दिवस पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी ठेवावा. तिथे स्त्री डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स असावी, अंतर्गत तपासणी व्हावी आणि गर्भाशयमुखाची तपासणी त्याच दिवशी उरकावी. योनीत लावायचे इस्ट्रोजेन आणि रिंगा सरकारी औषधसाठ्यात असाव्यात. आशा ताईंच्या वहीत पन्नाशीपुढच्या बाईसाठी तीन प्रश्न असावेत: जळजळ होते का, अंगावरून जाते का, अंग बाहेर येते का. साखर कारखान्यांनी गळीत हंगामात फडावर हीच तपासणी करवून घ्यावी, कारण ज्या मोळीने ही झोळी सैल केली ती त्यांच्याच गव्हाणीत पडते. गर्भाशय काढायचे ठरले तर आधी हे सगळे करून पाहिले का, याची लेखी नोंद असावी. आणि राष्ट्रीय पाहणीने 49 व्या वर्षी थांबू नये.

वाचकांनाही एक विनंती आहे. तुमच्या घरात पन्नाशी ओलांडलेली आई, सासू, मावशी, आत्या असेल तर हा लेख त्यांना वाचून दाखवा आणि वरचे तीन प्रश्न विचारा. उत्तर 'हो' आले तर 'वयामुळे' म्हणू नका आणि 'पिशवी काढू' असेही लगेच म्हणू नका. त्यांना तपासणीला घेऊन जा. हे दुखणे अंगावर काढायचे नाही. त्यावर उपचार आहे.